माक्याची ओळख

भाद्रपद महिन्याचे दोन पंधरवडे आपल्या पंचांगात एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत. शुद्ध पक्षात गणपती येतो, तेव्हा घरात मखर, मोदक आणि झांजांचा गजर असतो. पौर्णिमा उलटली की वद्य पक्षात पितर येतात, तेव्हा जानवे उजव्या खांद्यावर जाते, काळे तीळ बाहेर निघतात आणि घरातल्या माणसांचे आवाज आपोआप खाली येतात. देवकार्यातले पुष्कळसे पितृकार्यात चालत नाही, आणि पितृकार्यातले देवापुढे न्यावयास कोणी धजत नाही. असे असूनही न्हाणीच्या सांडपाण्यावर, भातखाचरांच्या बांधावर आणि विहिरीच्या थारोळ्याशी आपसूक उगवणारी, वीतभर किंवा फार तर हातभर उंचीची, पांढऱ्या बारीक फुलांची एक क्षुद्र वनस्पती या दोन्ही पंधरवड्यांत बिनदिक्कत वावरते. गणपतीला वाहावयाच्या एकवीस पत्रींत ती आहे, आणि श्राद्धाच्या दिवशी पिंडपूजेसाठी गुरुजी जी यादी सांगतात, त्या यादीतही तुळशीच्या शेजारी ती आहे. तिचे नाव माका.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि करडई यांच्या विस्तीर्ण कुळातली ही दरिद्री आप्त. करडईला तेलासाठी शेत मिळाले, शेवंतीला फुलासाठी वाफा मिळाला, झेंडूला तर दसऱ्याच्या तोरणाचा मान मिळाला. माक्याला मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही मौजे गावच्या जमाबंदीत पीक म्हणून कधी स्थान नव्हते. तो कोणी पेरीत नसे, त्यावर सारा बसत नसे, आणि भातलावणीनंतर बेणणी करणाऱ्या बाया तो इतर तणाबरोबर उपटून बांधावर टाकीत असत. ज्या वनस्पतीची लागवड नाही, तिचा इतिहास कशाचा लिहावयाचा, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर असे, की माक्याचा इतिहास हा लागवडीचा नसून ओळखीचा आहे. शेकडो तणांच्या गर्दीतून हे एक तण निवडून काढण्याची जी दृष्टी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या टिकविली, ती कशी घडली, ग्रंथकारांच्या हाती तिचे काय झाले आणि आता ती कशी मावळू लागली आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आमच्या घरी ही दृष्टी आत्याकडे होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती आम्हां मुलांना परसात पिटाळी. तेथे न्हाणीचे पाणी अळवाच्या आळ्यात जिरत असे, आणि त्या अळवाच्या पायाशी चिखलात माका लोळत असे. आम्ही मूठभर पाला आणला, की ती त्यातले एक पान उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या तळहातावर चुरडी, तो हात तसाच उताणा ठेवी आणि मग दुसऱ्याच गोष्टी बोलू लागे. नारळ आणले का, शेजारच्यांचा गणपती कोण आणावयास जाणार आहे, इत्यादी. तळहातावरचा रस पहिल्याने हिरवा असे, थोड्या वेळाने मळकट दिसू लागे, आणि गोष्टी संपेपर्यंत काळा पडलेला असे. मग ती तो हात आमच्यापुढे करून एवढेच म्हणे, “माकाच.” पुढे बिऱ्हाड शहरात आले, परसू गेले, आणि पत्रीचा जुडा बाजारातून येऊ लागला. एका वर्षी तिने नेहमीप्रमाणे जुड्यातले माका म्हणून दिलेले पान चुरडले, हात उताणा ठेवला, पुष्कळ वेळ गोष्टी केल्या. रस हिरवा तो हिरवाच राहिला. “ही एकदांडी आहे,” असे म्हणून तिने तो पाला बाजूला ठेवला, आणि त्या वर्षी गणपतीला वीसच पत्री वाहिल्या. बाजारात मिळाले ते नाव घालून देवाला वाहण्यापेक्षा एक पान कमी वाहिलेले बरे, असा तिचा हिशेब होता.

माक्याची ही परीक्षा तिला कोणत्याही पोथीने शिकविली नव्हती. परंतु पोथ्यांना या काळेपणाची जाणीव फार जुन्या काळापासून होती. संस्कृतात याला भृंगराज म्हणतात, आणि भृंग म्हणजे काळा कुळकुळीत भुंगा. केशराज आणि केशरंजन ही आणखी दोन नावे केसांकडे बोट दाखवितात. हिंदीतला भांगरा आणि गुजरातीतला भांगरो हे भृंगाचेच वंशज होत, आणि तमिळ भाषेतल्या करिसलांकण्णि या नावाच्या आरंभीही काळेपणा सांगणारा ‘करि’ बसलेला आहे. अमरकोशात भृंगराजाबरोबर मार्कव असे दुसरे नाव दिलेले आहे; उत्तरेकडच्या भाषांनी भृंग उचलला, मराठीने मात्र मार्कव जवळ केला आणि शतकानुशतके तोंडात घोळवून त्याचा माका केला. रेफ गेला, वकार गेला, आणि पंडितांच्या कोशातला शब्द शेतकऱ्याच्या बांधावर येऊन बसला.

या काळेपणाचा संसारात उपयोग झाला नसता तरच नवल. केसांच्या तेलात माका हा तर घरोघरचा परिपाठ होता. लोखंडी कढईत तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल घ्यावे, त्यात माक्याचा अंगरस तेलाच्या चौपट घालावा आणि मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ठेवावे, ही कृती ज्या बायकांनी कधी ग्रंथ पाहिला नाही त्यांनाही तोंडपाठ होती. तेल झाले की नाही, हे कळण्याची खूणही ठरलेली: कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवावी, तडतडली तर पाणी शिल्लक आहे, मुकाट्याने जळली तर तेल सिद्ध झाले. पिकलेल्या केसांना लावावयाच्या कलपातही माका असे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानातील रसायनाच्या अध्यायात, केवळ दुधावर राहून महिनाभर रोज माक्याचा ताजा रस घेण्याचा विधी सांगितलेला आहे. त्याचे फळ म्हणून बल आणि दीर्घायुष्य यांची ग्वाही दिली आहे. ती ग्वाही कितपत खरी, याचा निर्णय वैद्यांनी आणि प्रयोगशाळांनी करावा. आपल्याला येथे एवढेच पाहावयाचे, की या ग्रंथाच्या काळी हे तण राजरोस रसायनांच्या पंक्तीला बसलेले होते.

काजळाचेही तसेच. स्वच्छ कापडाची पट्टी माक्याच्या रसात भिजवावी, सावलीत वाळवावी, पुन्हा भिजवावी, पुन्हा वाळवावी, आणि अशा पट्टीची वात करून ती तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यात लावून वर तांब्याचे भांडे उपडे धरावे. भांड्याला धरलेली काजळी खरवडून लोण्यात खलली की तान्ह्याच्या गालबोटाची वर्षभराची तरतूद झाली. पश्चिम भारतात जैन मुनींच्या आश्रयाने ज्या सहस्रावधी पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांच्या शाईच्या पारंपरिक कृतींतही काजळी आणि गोंद यांच्या जोडीला माक्याचा रस येतो. गोंदणाच्या ठिकाणी सुईने टोचल्यावर माक्याचा ओला पाला चोळीत, म्हणजे निळसर काळी खूण कायमची उमटे, अशीही नोंद गेल्या शतकापूर्वीच्या वनस्पतिग्रंथांत आढळते. केसांवर, पापणीवर, कागदावर आणि कातडीवर, जेथे जेथे काळा रंग हवा आणि तो टिकावयास हवा, तेथे तेथे हे पान हजर होते.

परंतु उपयोग हे ओळख टिकविण्याचे साधन तितकेसे भरवशाचे नाही. ज्याला तेल करावयाचे नाही, त्याला माका ओळखण्याची गरज नाही. आणि तेल विकत मिळू लागले, की ती गरज सर्वांचीच संपते. ओळख टिकली ती विधीमुळे. गणपतीच्या पत्रीपूजेत एकेका नावाने एकेक पान वाहावयाचे असते, आणि बहुतेक पोथ्यांत मालतीनंतर लगेच, गणाधिप या नावाने, माक्याचे पान येते. त्या एकवीसांत पिंपळ आणि अर्जुन यांसारखे वृक्ष आहेत, धोत्रा आणि कण्हेर यांसारखी विषे आहेत, बोर आणि डोरली यांसारखे काटे आहेत, आणि आघाडा, विष्णुक्रांता, माका यांसारखी पायदळी जाणारी तणेही आहेत. या यादीचे वैशिष्ट्य असे, की ती कोणत्याही पानाचे गुण सांगत नाही. ती फक्त नाव सांगते आणि पान आणून दाखव म्हणते. ज्याला औषधाशी कर्तव्य नाही, ज्याच्या डोक्यावर केस नाहीत आणि ज्याच्या घरात तान्हे मूल नाही, अशा गृहस्थालाही वर्षातून एकदा शेताच्या कडेला वाकून एका तणाचे पान दुसऱ्या तणापासून वेगळे करावे लागे. पंधरा-वीस दिवसांनी श्राद्धाची तिथी आली, की हीच कवाईत पुन्हा होई. वर्षातून दोनदा, आणि तीही माका सर्वांत जोमाने फुललेला असतो अशा ऋतूत, असा हा बिनपगारी वनस्पतिशास्त्राचा वर्ग शेकडो वर्षे चालू होता.

या वर्गाचे काही नेमलेले शिक्षकही होते. गावगाड्यात देवळाला बेल आणि गावकार्याला पत्रावळी पुरविण्याचे काम गुरवाकडे असे आणि त्याच्या मोबदल्यात त्याला बलुते मिळे. पाने ओळखणे हाच ज्याच्या वतनाचा आधार, त्याची नजर चुकून चालण्यासारखे नव्हते. शहरांत हे काम पैशावर गेले, तरी ते पुष्कळ काळ पाने ओळखणाऱ्यांच्याच हाती राहिले. आजही चतुर्थीच्या आदल्या पहाटे डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी बाया पाल्याची ओझी घेऊन दादरच्या फूलबाजारात उतरतात. त्यांच्यापैकी एखादीला माका दाखव म्हटले, तर ती न चुकता दाखवील. परंतु गिऱ्हाईक विचारीत नाही आणि तिलाही जुडे बांधण्याची घाई असते.

आता ग्रंथकारांकडे वळू. ज्या वनस्पतीविषयी खेड्यातल्या म्हातारीला संशय नव्हता, तिच्याविषयी पंडितांमध्ये मात्र मोठा घोळ होता. राजनिघंटूने भृंगराजाचे फुलाच्या रंगावरून पांढरा, पिवळा आणि निळा असे भेद मानले. यांतला पांढरा तो आपला माका. पिवळा माका ही त्याच कुळातली, तशाच ओलसर जागी पसरणारी, पण पिवळ्या फुलांची वेगळीच वनस्पती आहे. बंगालमधले कविराज त्या पिवळ्यालाच भृंगराज म्हणून वापरीत आणि पांढऱ्याला केशराज म्हणून बाजूला काढीत. महाराष्ट्रातले वैद्य पांढऱ्याला भृंगराज मानीत. म्हणजे एकच संस्कृत ग्रंथ उघडून कलकत्त्याचा वैद्य एक झाड खुडी आणि पुण्याचा दुसरे. निळा भृंगराज कोणता, हे तर अद्यापि वादाचेच आहे. त्यात भर म्हणून काही आधुनिक वनस्पतिज्ञ पांढऱ्या माक्याचे मूळ घर अमेरिका खंडात असल्याचे मानतात. ते खरे धरले, तर प्राचीन ग्रंथांतला भृंगराज कोणता, हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

युरोपीय विद्येच्या दप्तरात माक्याची नोंद झाली ती मलबारमार्गे, आणि त्या नोंदीला आपल्या कोंकणी बांधवांचा हात लागलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापले गेले. त्याचा मुख्य देशी आधार इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता. परंतु त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते, आणि १६७५ सालचे त्यांचे साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. या ग्रंथात मलबारी नावाखाली माका सचित्र आला. मुळांसकट उपटून, नीट पसरून काढलेले ते चित्र युरोपातल्या पंडितांनी पाहिले, आणि चिखलातले तण ताम्रपटावर कोरले गेले.

पुढे लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना द्विपद नावे दिली, तेव्हा माक्याच्या वाट्याला एक सोडून दोन नावे आली. एकात तो ‘पांढरा’ ठरला, दुसऱ्यात ‘भुईवर लोळणारा’. १७७१ साली लिनिअसनेच त्याच्यासाठी एक्लिप्टा अशी स्वतंत्र प्रजाती केली. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ उणा, काहीतरी राहून गेलेला, असा आहे; कारण या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींच्या बियांना वाऱ्यावर उडण्यासाठी जो केसांचा तुरा असतो, तो माक्याच्या बीला नसतो. ज्याने लोकांच्या केसांची इतकी काळजी वाहिली, त्याच्याच बीला केस नाहीत म्हणून शास्त्रज्ञाने त्याला उणा म्हणावे, हा योगायोग गमतीचा खरा. वनस्पतिज्ञ आज एक्लिप्टा प्रोस्ट्राटा हे नाव अधिकृत धरतात. भारतीय औषधव्यवहारात आणि आयुर्वेदीय औषधिकोशात मात्र एक्लिप्टा अल्बा हे दुसरे नावच रूढ राहिले. म्हणजे वैद्यांच्या घोळावर हसावे, तर शास्त्रज्ञांनीही एका तणाला दोन दाखले देऊन ठेवलेले.

मुंबई इलाख्यात इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर वनस्पतींची मोजदाद सुरू झाली. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या जॉन ग्रॅहमने मुंबईच्या वनस्पतींची यादी केली आणि ती १८३९ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रिन्सिपॉल थिओडोर कुक याने इलाख्याच्या वनश्रीचे बृहत् वर्णन पुरे केले. यांपैकी अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर. पुण्याजवळ दापोडी येथे गव्हर्नर माल्कम याच्या अमदानीत १८२८ साली स्थापन झालेला सरकारी वनस्पतिबाग पुढे त्याच्या हवाली होता, आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथे त्याने औषधी वनस्पतींची लागवड करून मुंबईच्या सरकारी औषधभांडाराला माल पुरविला. सरकारी खर्चाने औषधी वनस्पती पद्धतशीर लावण्याचा आपल्या मुलखातला हा आरंभीचा प्रयोग. परंतु त्याचा रोख विलायती औषधांना पर्याय देण्याकडे होता. माका लावण्याचे त्याला काही कारण नव्हते, आणि बागेच्या पाटाकाठी तो तेव्हाही कोणी न लावता उगवत असावा.

माक्याकडे औषध म्हणून पाहिले ते देशी वैद्यक आणि विलायती वनस्पतिशास्त्र यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे आणि १८८३ साली मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या स्थापनेत भाग घेणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधींची यादी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचा प्रमुख विल्यम डिमॉक याने पश्चिम हिंदुस्थानच्या वनौषधींवर लिहिताना केवळ ग्रंथ न चाळता येथल्या लोकांना विचारले. तान्ह्या मुलाला पडसे झाले, तर माक्याच्या रसाचे दोन थेंब मधाच्या आठ थेंबांत देण्याची येथली चाल त्याने टिपून ठेवली आहे. तान्ह्याला मध देऊ नये असे आजचा डॉक्टर सांगेल, आणि ते ऐकलेच पाहिजे. परंतु दोन आणि आठ हे प्रमाण सरकारी ग्रंथात उतरले, याचा अर्थ कोणा तरी आजीची साक्ष साहेबाने नोंदवून घेतली होती. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी भारतीय औषधी वनस्पतींवरचा आपला महाग्रंथ मेजर बसू यांच्यासह सिद्ध केला, परंतु १८४९ साली जन्मलेले कीर्तिकर १९१७ मध्ये निवर्तले आणि ग्रंथ १९१८ मध्ये बाहेर पडला. त्याच सुमारास शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी वनौषधींचे ज्ञान मराठी घरांत पोहोचविले होते. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्याची स्थापना तर १८७२ सालची. माक्याचे तेल तयार बाटलीतून घरात येण्याचे दिवस हळूहळू जवळ येत होते.

पांढरा की पिवळा, या वैद्यांच्या वादाचा एक निवाडा पुढे अनपेक्षित ठिकाणी झाला. १९५६ च्या सुमारास मद्रास येथे रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी यांनी पिवळ्या माक्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि त्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून त्याला वेडेलोलॅक्टोन असे नाव दिले. हेच द्रव्य पांढऱ्या माक्यातही सापडते. कलकत्ता आणि पुणे हे दोघेही आपापल्या परीने अगदीच चुकलेले नव्हते, असे आता म्हणता येईल.

योगायोग असा, की साधारण याच वर्षांत, १९५५ च्या आसपास, पुण्याच्या परिसरात याच कुळातले एक अमेरिकन तण प्रथम दृष्टीस पडले आणि पाहता पाहता सबंध देशभर माजले. ते गाजरगवत. त्याला ओळखण्यासाठी कोणत्याही व्रताची गरज लागली नाही. त्याने अंगाला खाज आणली, दमेकऱ्यांना छळले, आणि लहान मुलेही त्याला नावाने ओळखू लागली. उपद्रवाची ओळख आपोआप होते. निरुपद्रवी वस्तूची ओळख मात्र कोणी तरी मुद्दाम करून द्यावी लागते, आणि ती करून देणाऱ्या चाली एकेक करून सुटत गेल्या.

म्हणून माका कसा ओळखावा, हे आता स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे भाग आहे. त्याची खोडे तांबूस, पेरापेराची, जमिनीला टेकलेल्या पेरातून मुळे फोडणारी असतात. पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती आणि दोन्ही बाजूंनी खरखरीत. उलट्या दिशेने बोट फिरविले, की बारीक केस बोटाला लागतात. फूल म्हणून जे दिसते, ते वास्तविक अनेक फुलांचे गेंद. नखाएवढे, कडेला दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या पाकळ्यांची दाट झालर आणि मध्ये मळकट पांढरी चकती. पाकळ्या झडल्यावर हिरवी, चपटी बोंडी राहते आणि तीत काळसर, बिनतुऱ्याचे बी दाटीने भरलेले असते. माका म्हणून जिची गल्लत होते, ती एकदांडी, जिला कोणी कंबरमोडी, कोणी दगडी पाला म्हणतात, हिची पाने दातेरी असतात, फूल वीतभर लांब एकट्या दांड्यावर डोलते, त्याच्या मोजक्या पाकळ्यांची टोके त्रिखंडित आणि मधली चकती पिवळी असते, आणि तिचे बी तुऱ्यावर बसून वाऱ्याने उडते. सोसायट्यांच्या बागांत जमीन झाकण्यासाठी लावलेली, चकचकीत पानांची आणि ठळक पिवळ्या फुलांची जी वेल असते, ती पिवळा माका नव्हे. ती त्याची अमेरिकन भावकी. आणि या सर्व खुणांवर शेवटची मोहोर आत्याच्या तळहाताची: रस काळा पडला तर माका.

राहिली लागवड. जी गोष्ट आपसूक उगवते ती लावावयाची कशाला, असे जुन्या माणसाला वाटेल. परंतु काळ बदलला आहे. माका पाण्याच्या वाटेवर उगवतो, आणि आजच्या शहरात पाण्याच्या वाटा म्हणजे गटारे. त्या गटारांत साबणापासून कारखान्यांच्या मळीपर्यंत काय काय वाहते, हे सांगावयास नको. आणि खेड्यातल्या बांधावर तणनाशकाची फवारणी झालेली असते. देवाला वाहण्यापुरता तो कोठूनही खुडावा, परंतु तेलात घालावयाचा असेल, तर घरच्या कुंडीतलाच बरा. बी ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून मातीला ओल आली, की टाकावे. मात्र ते मातीत पुरू नये. माक्याच्या बीला उजेड लागतो, म्हणून बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून ते मातीवर नुसते भुरभुरावे आणि हाताने हलके दाबावे. आठवडाभरात जोड्या जोड्यांनी हिरवे ठिपके दिसू लागतात. महिन्याभराने रोपे वीत-वीत अंतरावर हलवावीत. बी मिळाले नाही, तर मुळे फुटलेला एखादा फाटा पेरासकट ओल्या मातीत टेकवून ठेवला तरी पुरे. ऊन हवे, ओल कायम हवी, खताचा आग्रह नाही. फुलावर आला की जमिनीपासून चार बोटे राखून कापावा; तो पुन्हा फुटतो. वाळवावयाचा तर सावलीत, सुपात पातळ पसरून. दोन-चार बोंडे मात्र झाडावर पिकू द्यावीत, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाकडे मागावे लागत नाही.

हे तण संकटात नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. माणूस सबंध कोकण सोडून गेला, तरी भातखाचरांच्या बांधावर माका राहीलच. नाहीशी होत आहे ती त्याची ओळख, आणि ती कोणत्याही सरकारी बागेत लावून किंवा कोणत्याही कोशात छापून टिकणारी नाही, कारण ती पानात नसून पाहणाऱ्याच्या अंगठ्यात आहे. तेव्हा येत्या भाद्रपदात पत्रीचा जुडा विकत आणावयाचा असेल, तर अवश्य आणावा. पण तो देवापुढे ठेवण्यापूर्वी त्यातले माका म्हणून दिलेले एक पान घरातल्या लहान मुलाच्या तळहातावर चुरडावे, त्याला हात उताणा ठेवावयास सांगावे आणि रस काळा पडेपर्यंत त्याच्याशी दुसऱ्या गोष्टी बोलाव्यात. रस हिरवाच राहिला, तर वीस पत्री वाहाव्यात.